बघणारा कुठे थांबतो?

सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ बनवणाऱ्यांची आणि ते बघून शिकणाऱ्यांची पत्रं या वेळी मुद्दाम एकत्र घेतली आहेत. मी स्वतः नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिकवते. त्याआधी बरीच वर्षं फोनवरून लोकांच्या अडचणी सोडवायचं काम केलं. ‘व्हिडिओ बघितला हो, पण जमत नाही,’ हे वाक्य मी त्या फोनवर रोज ऐकलं आहे. त्यामुळे उत्तरांत माझी बाजू कुणाची असेल, हे आधीच सांगून ठेवते.

ताई, नमस्कार. मी क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ बनवतो. माझा मुख्य व्हिडिओ ४२ मिनिटांचा आहे आणि त्यात मी खरोखर काहीही हातचं राखलेलं नाही. तरी लोक तेच ते प्रश्न विचारतात, ज्यांची उत्तरं त्याच व्हिडिओत आहेत. लोक नीट बघत नाहीत का? व्हिडिओ लहान करायचे तर किती मिनिटांचे करू?

लोक नीटच बघतात. फक्त ते मागे रेलून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत नाहीत. त्यांच्यासमोर त्यांचा स्वतःचा डेटा उघडलेला असतो, हात माउसवर असतो, काम अडलेलं असतं. तुमच्या ४२ मिनिटांतली दीड मिनिटं त्यांना हवी असतात आणि ती कुठे आहेत ते त्यांना माहीत नसतं.

मला हे उशिरा कळलं. ‘बफर’ कसा काढायचा यावर मी एक व्हिडिओ केला होता. बफर म्हणजे नदी, रस्ता, विहीर अशा कशाभोवतीही ठरावीक अंतराचा पट्टा आखणं. काम सोपं, आणि व्हिडिओही मला स्वच्छ वाटत होता. मग एकदा एका शिकणाऱ्या बाईंच्या मागे खुर्ची टाकून बसले. तोंड उघडायचं नाही, असं ठरवूनच बसले. त्यांना म्हटलं, ‘हा व्हिडिओ बघून तुमच्या नकाशातल्या विहिरींभोवती ५०० मीटरचा पट्टा काढा.’

त्यांनी लॅपटॉपच्या अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ लावला आणि अर्ध्यावर क्यूजीआयएस. तिथेच माझ्या व्हिडिओतली अक्षरं वाचण्याजोगी राहिली नाहीत. ‘इथून बफर घ्या’ असं मी म्हणेपर्यंत मेनू उघडून मिटलासुद्धा होता. त्यांनी व्हिडिओ थांबवला, मागे नेला, परत थांबवला. तिसऱ्या खेपेला मेनू सापडला. अंतराच्या चौकटीत त्यांनी माझ्यासारखंच ५०० लिहिलं, ‘रन’ दाबलं, आणि सगळा नकाशा एकाच रंगाखाली झाकून गेला. त्या म्हणाल्या, ‘माझंच काहीतरी चुकलं असणार.’ आणि त्यांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांचा लेयर, म्हणजे नकाशातला विहिरींचा थर, ईपीएसजी ४३२६ या क्रमांकाच्या मोजणीच्या प्रणालीत होता, म्हणजे अक्षांश-रेखांशांत. तिथे ५०० याचा अर्थ ५०० अंश. पृथ्वीची अख्खी प्रदक्षिणा ३६० अंशांची! माझा सरावाचा डेटा मी कधीच यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत आणून ठेवला होता आणि त्याचा व्हिडिओत उल्लेखही केला नव्हता. माझ्या हाताला ते इतकं सवयीचं झालं होतं की सांगायला हवं, हे सुचलंच नाही. चौकटीशेजारी ‘मीटर्स’च्या जागी ‘डिग्रीज’ लिहिलेलं होतं, इशाऱ्याचा छोटा त्रिकोणही होता. पण तिकडे बघायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं होतं?

तेव्हापासून माझ्या प्रत्येक व्हिडिओची सुरुवात दोन गोष्टींनी होते. काम झाल्यावर पडद्यावर काय दिसेल ते आधी दाखवते, आणि सुरू करण्याआधी तुमच्याकडे काय असायला हवं ते सांगते. पुढे प्रत्येक टप्प्यानंतर खूण देते: ‘चौकटीशेजारी मीटर्स दिसतंय का बघा. डिग्रीज दिसत असेल तर पुढे जाऊ नका, आधी रिप्रोजेक्ट लेयर करून घ्या, म्हणजे डेटा मीटरच्या प्रणालीत येईल.’ इथे आणखी एक खड्डा आहे. पुष्कळ जण रिप्रोजेक्ट करण्याऐवजी ‘सेट लेयर सीआरएस’ वापरतात. त्याने डेटा बदलत नाही, नुसती त्याच्यावरची चिठ्ठी बदलते, आणि विहिरी भलतीकडेच जाऊन पडतात. हा खड्डा मी आता व्हिडिओत दाखवते. खूण सांगून झाली की दोन-तीन सेकंद गप्प बसते. बघणाऱ्याला थांबवायचं बटण दाबायला तेवढा अवधी लागतो.

आता मिनिटांबद्दल. फिलिप ग्वो, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांतले व्हिडिओ लोक कसे बघतात याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. व्हिडिओ बघण्याच्या ६९ लाख नोंदी त्यांनी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, बघण्याच्या वेळेचा मध्यक सहा मिनिटांच्या पुढे गेला नाही, हा त्यातला निष्कर्ष सगळीकडे सांगितला जातो. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. व्याख्यान आणि कृती शिकवणारा व्हिडिओ लोक वेगवेगळ्या प्रकारे बघतात. कृतीच्या व्हिडिओत ते उड्या मारतात, हवा तो भाग शोधतात, परत येतात. म्हणून संशोधकांनी सुचवलं की व्याख्यान करताना पहिल्यांदा बघणाऱ्याचा विचार करा, आणि कृतीच्या व्हिडिओत पुन्हा येणाऱ्याची, चाळणाऱ्याची सोय करा.

तेव्हा सहा मिनिटांची पट्टी लावून कापू नका. काम जिथे पुरं होतं तिथे कापा. डेटा आत घेणं, प्रणाली बदलणं, बफर, छपाईचा नकाशा, असे तुमच्या ४२ मिनिटांचे सात-आठ तुकडे सहज होतील. एखादा तीन मिनिटांचा होईल, एखादा अकराचा, होऊ द्या. मोठा व्हिडिओ तसाच ठेवायचा असेल तर त्यात निदान प्रकरणं पाडा. यूट्यूबवर त्यासाठी वर्णनात वेळा लिहाव्या लागतात. पहिली वेळ ०:०० हवी, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक प्रकरण किमान १० सेकंदांचं हवं. प्रकरणांची नावं अडलेल्या माणसाच्या तोंडची द्या. ‘बफर, भाग दोन’ असं कुणी शोधत नाही. ‘बफर काढला की सगळा नकाशा का झाकला जातो’ असं शोधतात.

माझा ४के मॉनिटर आहे. माझ्याकडे व्हिडिओ लख्ख दिसतो, पण मोबाइलवर बघणाऱ्यांना मेनूतलं एक अक्षर वाचता येत नाही. रेकॉर्डिंगचं कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

सॉफ्टवेअर बदलायची गरज नाही. ओबीएस स्टुडिओ मोफत आहे आणि या कामाला पुरून उरतं. अडचण पडद्याच्या मापाची आहे. ३८४० × २१६० चं चित्र १९२० × १०८० मध्ये बसवलं की चार पिक्सेलांच्या जागी एक उरतो. मेनूतलं बारीक अक्षर त्यात टिकत नाही. रेकॉर्डिंगपुरतं पडद्याचं रिझोल्यूशनच १९२० × १०८० करा आणि स्केलिंग १२५ किंवा १५० टक्क्यांवर न्या. ओबीएसमध्ये बेस आणि आउटपुट ही दोन्ही मापं सारखी ठेवा, म्हणजे वाटेत कुठेही चित्र आक्रसणार नाही. पडद्यावर कमी गोष्टी मावतील. मावू देत. जी खिडकी त्या कामाला लागत नाही ती बंदच असावी.

एक गोष्ट रंगाची. इंटरनेटवरचे व्हिडिओ साधारणपणे ४:२:० पद्धतीने साठवले जातात. त्यात प्रत्येक पिक्सेलचा उजेड वेगळा नोंदला जातो, पण रंग चार पिक्सेलांत मिळून एकदाच. म्हणून काळ्या पार्श्वभूमीवरचं बारीक लाल अक्षर किंवा लाल रंगाची सडपातळ चौकट पुसट होते आणि तुम्हाला वाटतं कॅमेऱ्यात, नाहीतर इंटरनेटमध्ये काहीतरी दोष आहे. खूण करायची तर जाड कडेची करा. उजेडात फरक असलेले रंग घ्या: गडदवर पांढरं किंवा पिवळं, फिकटवर काळं.

झूम जपून वापरा. आधी पूर्ण खिडकी दाखवा, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळेल. मग संवादचौकटीजवळ जा आणि त्या चौकटीतलं काम संपेपर्यंत तिथेच राहा. सारखं आतबाहेर केलं की बघणाऱ्याला दर वेळी जागा नव्याने शोधावी लागते. ब्लेंडरसारखं त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर असेल, जिथे निम्मं काम कीबोर्डवर चालतं, तर दाबलेली कळ पडद्यावर उमटली पाहिजे. लिनक्सवर स्क्रीनकी, मॅकवर कीकास्टर हे काम करतात.

आणि एमकेव्ही या प्रकारच्या फाइलमध्ये रेकॉर्ड करा. साध्या एमपी४ मध्ये रेकॉर्डिंग चालू असताना संगणक बंद पडला तर आधीचंही काही उघडत नाही. माझं दीड तासाचं काम एकदा असं गेलं. एमकेव्ही बंद पडेपर्यंतचं तरी जपतं, आणि त्याचं एमपी४ करायची सोय ओबीएसच्या मेनूतच आहे.

ताई, मी कॉलेजात आहे. वर्गातल्या मुलांसाठी पायथनचे व्हिडिओ बनवतो. रेकॉर्ड करताना चुका होतात, एरर येतात, मग मी परत पहिल्यापासून रेकॉर्ड करतो. तरी मुलं म्हणतात, ‘तुझं चालतं, आमचं चालत नाही.’ आणि लिहून वाचून दाखवावं की आपलं सुचेल तसं बोलावं?

तुझ्या मित्रांनी रोगाचं नेमकं निदान केलंय. तुझ्या व्हिडिओत काहीच बिघडत नाही, म्हणून त्यांचं बिघडलं की तुझा व्हिडिओ त्यांच्या उपयोगाचा उरत नाही.

चुका दोन जातीच्या असतात. बोट घसरलं, फाइलचं नाव विसरलास, शिंक आली, हे काप. पण तुला जर ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ आला असेल, तर तो उद्या तुझ्या निम्म्या वर्गाला येणार आहे. तो ठेव. आला नसेल तर मुद्दाम आण. पॅकेज तर इन्स्टॉल केलं, मग सापडत का नाही? बहुतेक वेळा संगणकावर दोन पायथन असतात. पिपने, म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या अवजाराने, एकात पॅकेज टाकलेलं असतं आणि प्रोग्राम दुसऱ्यातून चालत असतो. हे तोंडी सांगून डोक्यात शिरत नाही. प्रोग्राम कुठल्या पायथनमधून चालतोय ते दाखव, मग नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ असं लिहून दाखव, म्हणजे जो पायथन तू हाक मारलास त्याच्यातच पॅकेज जाईल. आणि ट्रेसबॅक, म्हणजे चूक झाल्यावर पायथन दाखवतो तो मजकूर, कसा वाचायचा ते एकदा सावकाश शिकव. नवखी मुलं लाल मजकुराची वरची ओळ वाचून घाबरतात. पायथनमध्ये एररचं नाव आणि कारण सगळ्यात खालच्या ओळीत असतं. तिथून सुरुवात करून वर चढायचं.

जॉन कॅरल नावाचे संशोधक १९८० च्या दशकात आयबीएममध्ये होते. ऑफिसातल्या कामासाठी संगणक शिकणारी माणसं खरोखर काय करतात, हे त्यांनी शेजारी बसून बघितलं. माणसं पुस्तिका क्रमाने वाचत नव्हती. दोन ओळी वाचून थेट काम करायला धावत होती, अडकत होती, आणि पुस्तिकेत अडकल्यावर काय करायचं ते नव्हतं. पुढे १९९५ मध्ये कॅरल आणि हान्स फान डेर मैज यांनी शिकवण्याच्या मजकुरासाठी चार तत्त्वं मांडली. त्यांतलं एक पूर्ण तत्त्व चूक ओळखण्याला आणि चुकीतून बाहेर पडण्याला दिलेलं आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या माणसांत आणि तुझ्या वर्गात मला तरी काही फरक दिसत नाही.

लिहावं की बोलावं? लिही, पण काम एकदा करून झाल्यावर लिही. आधी रेकॉर्ड न करता सगळं काम कर, प्रत्येक क्लिक वहीत उतरव, मग वाक्यं लिही. आठवणीतून लिहिलंस तर एखादी पायरी नक्की गळेल, कारण सवयीच्या पायऱ्या आठवणीत राहतच नाहीत. आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून बघ. तोंडाला जड लागणारं वाक्य मोड.

इथे आपल्या भाषेचा एक फायदा आहे, तो घे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘व्हेक्टर मेनूत, जिओप्रोसेसिंग टूल्समध्ये, बफर उघडा.’ जागा आधी, कृती मागाहून. बघणाऱ्याची नजर आधी व्हेक्टरवर पोचते, मग खाली उतरते, आणि ‘उघडा’ ऐकू येतं तेव्हा त्याचा माउस योग्य जागी असतो. इंग्रजी वाक्याच्या वळणाने ‘क्लिक करा बफरवर, जे आहे व्हेक्टर मेनूमध्ये’ असं बोललास की हा फायदा गेला. पुष्कळ मराठी व्हिडिओंत मला असं ऐकू येतं आणि वाईट वाटतं. मेनूची नावं मात्र पडद्यावर दिसतात तशीच घे. पडद्यावर ‘रन’ लिहिलंय आणि तू ‘चालवा’ म्हणालास तर मुलं ‘चालवा’ शोधत बसतील.

पार्श्वसंगीत काढून टाक. रिचर्ड मायर यांनी चित्र आणि शब्द एकत्र वापरून माणसं कशी शिकतात यावर अनेक वर्षं प्रयोग केले. आशयाशी संबंध नसलेलं संगीत आणि सजावट शिकण्याच्या आड येते, हे त्यांतून पुन्हा पुन्हा दिसलं. तू जे बोलतोयस तेच शब्द सरसकट पडद्यावर छापू नकोस, असंही त्यांच्या कामातून निघतं. नजर एकच असते. ती कोडवर हवी.

मी ब्लेंडर घरीच शिकते आहे. व्हिडिओत एक दिसतं, माझ्या पडद्यावर भलतंच. ‘उजव्या बटणाने निवडा’ म्हणतात, तर माझ्याकडे मेनू उघडतो. माझं इन्स्टॉलेशन चुकलंय का?

अजिबात नाही. तुम्ही जुना व्हिडिओ बघताय. ब्लेंडरची २.८० ही आवृत्ती जुलै २०१९ मध्ये आली आणि तिने पडद्याचा चेहरामोहराच बदलला. त्याआधी वस्तू उजव्या बटणाने निवडायची पद्धत होती, २.८० पासून डावं बटण मूळ पर्याय झालं. लेयर गेले, त्यांच्या जागी कलेक्शन आली. चित्रं सुधारायच्या गिंप या सॉफ्टवेअरचंही असंच आहे. २.१०.१८ या आवृत्तीपासून पेटीतली अवजारं गटागटाने एकाखाली एक जाऊन बसली. जुन्या व्हिडिओतलं अवजार तुमच्या पेटीत ‘दिसत नाही’, पण असतं. त्याच्या भावंडाच्या चिन्हावर बटण दाबून धरा, यादी उघडेल. ब्लेंडरसाठी २.८० किंवा त्यानंतरच्या आवृत्तीवरचेच व्हिडिओ निवडा, म्हणजे निम्मा त्रास तिथेच संपेल.

बनवणाऱ्यांसाठी याच पत्राच्या निमित्ताने लिहिते. आवृत्तीचा आकडा शीर्षकात द्या आणि पहिल्या काही सेकंदांत तोंडाने सांगा. शक्य असेल तिथे दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती निवडून शिकवा. ब्लेंडरने २.८३ पासून अशा आवृत्त्या काढायला सुरुवात केली आणि त्यांना दोन वर्षं दुरुस्त्या मिळत राहतात. क्यूजीआयएसचीही अशी आवृत्ती असते. यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओची फाइल त्याच पत्त्यावर बदलता येत नाही, फक्त काही भाग कापता किंवा धूसर करता येतो. म्हणून नवा व्हिडिओ केला की जुन्याच्या वर्णनाची पहिली ओळ बदलून तिथे नव्याचा दुवा द्या. व्हिडिओच्या चित्रावर ‘इथे दाबा’ असं बोलून ठेवू नका. यूट्यूबवर पूर्वी चित्रावर चिकटवता येणाऱ्या टिपा होत्या, त्या जानेवारी २०१९ मध्ये सगळ्याच काढून टाकल्या गेल्या. ज्यांनी ‘वरच्या चौकटीवर क्लिक करा’ असं म्हणून ठेवलं होतं, त्यांचे बघणारे आजही रिकाम्या जागेकडे बघताहेत.

माझी एक पद्धत उपयोगी पडली आहे. ‘का’ आणि ‘कुठे’ वेगळं रेकॉर्ड करते. बफर म्हणजे काय, अंश आणि मीटर यांत फरक काय, हे वर्षानुवर्षं बदलत नाही. बटण कुठे आहे, हे बदलतं. नवी आवृत्ती आली की फक्त दुसरा तुकडा नव्याने करायचा.

मला ऐकू फार कमी येतं. नोकरीत बढतीसाठी डेटाबेसचं काम शिकायचं आहे. जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत माणूस बोलत असतो आणि पडद्यावर नुसता बाण फिरतो. आपोआप उमटणारी उपशीर्षकं लावली तर आज्ञांची नावंच चुकीची येतात. आमच्यासारख्यांनी काय करावं?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. यात तुम्ही काही करायचं नाहीये, करायचं आम्ही आहे.

डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला उपशीर्षकं हवीत, हा ‘ए’ स्तराचा, म्हणजे अगदी पायाचा निकष आहे. त्याला वेळही फार लागत नाही. ज्याने संहिता लिहून व्हिडिओ केला आहे त्याचं निम्मं काम झालेलंच असतं. उपशीर्षकांची एसआरटी फाइल साध्या नोटपॅडमध्ये लिहिता येते: अनुक्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, मजकूर, मग एक कोरी ओळ. आपोआप तयार झालेली उपशीर्षकं उतरवून घेऊन त्यांतल्या आज्ञा आणि मेनूची नावं हाताने दुरुस्त केली तरी चालेल, पण ती दुरुस्ती टाळायची नाही. डेटाबेसच्या आज्ञेत एक अक्षर चुकलं तर आज्ञा चालत नाही. अशा उपशीर्षकाने न देण्यापेक्षा जास्त वेळ वाया जातो.

वर मी कॉलेजातल्या मुलाला बोललेलं सगळं पडद्यावर छापू नकोस, असं लिहिलं. त्याचा आणि याचा विरोध नाही. उपशीर्षकं ज्याला हवीत तो लावतो, नकोत तो बंद करतो. चित्रातच कोरलेला मजकूर बंद करता येत नाही.

व्हिडिओत टाइप केलेली प्रत्येक आज्ञा वर्णनात मजकूर म्हणूनही द्या, उचलून चिकटवता येईल अशी. चित्रातली आज्ञा बघून लिहायला सगळ्यांनाच त्रास होतो. आणि ‘इथे’, ‘हे’, ‘असं’ हे शब्द सोडा. ‘हे असं इथे ओढा’ याचं उपशीर्षक अचूक केलं तरी त्यातून काय कळणार? ज्याला दिसत नाही आणि जो आवाजावरच शिकतो, त्याला तर काहीच नाही. ‘विहिरींचा लेयर रस्त्यांच्या लेयरच्या वर ओढा,’ असं म्हणायला दोन सेकंद जास्त लागतात.

तोपर्यंत एक करून बघा. यूट्यूबच्या ज्या व्हिडिओंना बनवणाऱ्याने स्वतः उपशीर्षकं दिली आहेत, त्यांच्या उपशीर्षकांच्या यादीत ‘ऑटो-जनरेटेड’ हा शब्द नसतो. निवड करताना तो बघून घ्या.

व्हिडिओच्या कोपऱ्यात आपला चेहरा दाखवावा का?

सुरुवातीला अर्धं मिनिट दाखवा, माणूस दिसला की बरं वाटतं. काम सुरू झालं की काढा. बहुतेक जण चेहरा उजव्या खालच्या कोपऱ्यात ठेवतात. क्यूजीआयएसमध्ये प्रकल्पाचा ईपीएसजी क्रमांक त्याच कोपऱ्यात असतो.

ताई, माझे साठेक व्हिडिओ झालेत. सगळे सुधारणं शक्य नाही. सुरुवात कुठून करू? आणि सुधारला की खरंच सुधारला, हे कसं ओळखायचं?

एका व्हिडिओपासून. ज्यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात तो घ्या. यूट्यूबच्या आकडेवारीत प्रेक्षक कुठपर्यंत टिकले याचा आलेख असतो तो उघडा. तो उतरत जाणार, त्याचं दुःख करू नका. काम झालं की माणूस जातो, आणि ते चांगलंच आहे. मध्येच जिथे उंचवटा दिसतो तिथे बघा. तो भाग लोक परत परत बघताहेत, किंवा दुसऱ्याला पाठवताहेत. तिथे जाऊन स्वतः ऐका. बहुतेक वेळा तिथे तुम्ही घाई केलेली असते.

मग कुणालातरी शेजारी बसवा. एक माणूस पुरतो, फक्त तो तुमचा विषय न जाणणारा हवा आणि त्याने स्वतःचा डेटा आणायला हवा. तुम्ही बोलायचं नाही. तो कुठे थांबतो, कुठे मागे जातो, कुठे माउस हवेत राहतो, एवढंच कागदावर मिनिट-सेकंदांसह लिहायचं. तोंड मिटून बसणं फार जड जातं, मला अजूनही जातं. पण तुम्ही एक शब्द जरी सांगितला तरी तो शब्द व्हिडिओत नव्हता, हे विसरलं जातं.

माझ्या बफरच्या व्हिडिओत उंचवटा मेनूवर होता. मी तो भाग जागा आधी सांगून, मेनू उघडा ठेवून नव्याने केला आणि अंश-मीटरची खूण घातली. मेनूवरचा उंचवटा गेला. आता नवा उंचवटा पुढे, ‘डिझॉल्व्ह’च्या छोट्या चौकटीपाशी दिसतो. ती चौकट टिचकवली की एकमेकांवर आलेले पट्टे जोडून एक होतात. मी ती टिचकवते आणि का टिचकवली ते न सांगता पुढे जाते. येत्या आठवड्यात तो भाग परत रेकॉर्ड करायला घेतला आहे, आणि त्या विहिरीवाल्या बाईंनाच पुन्हा बोलावलं आहे.